हरवलेले गवत आणि नदीचा स्वभाव

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावी ज्याचे आयुष्य गेले, त्याला नदी म्हटली की प्रथम पंचगंगा आठवते, आणि पंचगंगा म्हटली की तिच्या दोन्ही तीरांवर नजर पोहोचेल तेथवर पसरलेला ऊस, पावसाळ्यात काढून हिवाळ्यात पुन्हा बसविले जाणारे बंधाऱ्यांचे बरगे, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याने एकोणचाळीस फुटांची इशारा पातळी गाठली की घरोघर सुरू होणारी काळजी, एवढेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे उभे राहते. नदीला स्वतःची अशी एक वनस्पतिसृष्टी असते, ती काठच्या गाळात, पात्रातील खडकांवर आणि उगमाकडील धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर नदीच्या चढउतारांशी आपले जीवन जुळवून राहत असते, आणि त्या सृष्टीतील एखादा घटक साऱ्या पृथ्वीवर केवळ त्याच ठिकाणी वसलेला असू शकतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. अशाच एका घटकाची हकीकत येथे सांगावयाची आहे. तो घटक म्हणजे नामशेष झाले असे समजले गेलेले आणि पुढे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तिलारीच्या घाटात, पुन्हा गवसलेले एक लहानसे गवत, किंबहुना एक रानफूलच. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव ‘हबार्डिया हेप्टान्यूरॉन’ असे आहे.

गवताला रानफूल का म्हणावे, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गवताचे फूल आपण फूल म्हणून ओळखत नाही, याचे कारण त्याला रंगीत पाकळ्या नसतात व सुगंधही नसतो. गवताच्या बहुतेक जाती परागवहनासाठी वाऱ्यावर विसंबून असल्यामुळे कीटकांना आकर्षून घेणारा शृंगार त्यांना आवश्यकच नसतो. तथापि भिंगाखाली धरून पाहिले असता गवताच्या तुऱ्यातील प्रत्येक कणिशक ही एक सुघटित रचना आहे असे दिसून येते: बाहेरून दोन तुषांचे आवरण, त्यांच्या आत एक किंवा अनेक पुष्पके, आणि प्रत्येक पुष्पकात सामान्यतः तीन पुंकेसर व पिसासारखी दोन किंजल्के. भात, गहू, ज्वारी, बाजरी, बांबू आणि कोल्हापूरच्या शेतकऱ्याचे सारे अर्थकारण ज्याच्यावर उभे आहे तो ऊस, ही सर्व मंडळी याच तृणकुलातील असून जगभरात या कुलाच्या अकरा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. मनुष्यजातीचे अन्न ज्या कुलाने पुरविले, त्या कुलातील एखादी अल्पज्ञात जात नाहीशी होणे ही उपेक्षेने सोडून देण्यासारखी बाब खचित नव्हे.

या गवताच्या इतिहासाचा आरंभ १९१९ साली होतो. त्या काळी उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत असे, आणि त्या जिल्ह्याच्या व म्हैसूर संस्थानाच्या हद्दीवर शरावती नदी सुमारे आठशे तीस फूट खोल दरीत उडी घेते. गिरसप्प्याचा धबधबा किंवा जोगचा धबधबा म्हणून जो सर्वत्र प्रसिद्ध आहे तो हाच. या धबधब्याच्या परिसरात एल. जे. सेजविक आणि टी. आर. डी. बेल या दोघांनी ज्या वनस्पती गोळा केल्या, त्यांत हे गवत होते. सेजविक हे सनदी नोकरीतील अधिकारी; १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्याचा अहवाल ज्यांनी सिद्ध केला ते हेच गृहस्थ. बेल हे वनखात्यातील अधिकारी असून फुलपाखरे व पतंग यांच्या जीवनक्रमाचे निरीक्षण करण्यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग कारवारकडील रानांत वेचला होता. सरकारी दौऱ्यांच्या निमित्ताने मुलूख पायांखाली घालावा आणि दप्तराच्या कामातून उरलेला वेळ झाडापानांच्या नोंदींना द्यावा, अशी वृत्ती असलेले काही अधिकारी त्या काळात होऊन गेले. आपल्या पश्चिम घाटातील वनस्पतींच्या ज्ञानाचा पाया बऱ्याच अंशी अशा लोकांनी घातला, हे कृतज्ञतापूर्वक मान्य केले पाहिजे.

संग्रह झाला, तरी ओळख पटावयास बराच काळ जावा लागला. वाळवून, दाबून, कागदावर चिकटविलेला वनस्पतीचा नमुना हा एखाद्या दस्तऐवजासारखा असतो. तो वाचणारा जाणकार भेटेपर्यंत त्यातील मजकूर मुकाच राहतो. तो जाणकार नॉर्मन लॉफ्टस बोर यांच्या रूपाने भेटला. बोर हे हिंदुस्थानच्या वनखात्यात दीर्घकाळ होते, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत त्यांनी काम केले, आणि पुढे लंडनजवळील क्यू येथील सुप्रसिद्ध वनस्पतिउद्यानात ते साहाय्यक संचालकपदावर गेले. भारत, ब्रह्मदेश, सिंहलद्वीप व पाकिस्तान येथील गवतांवरचा त्यांचा १९६० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आजही या विषयातील आधारग्रंथ गणला जातो. गिरसप्प्याच्या या गवताचे परीक्षण करता ते ज्ञात असलेल्या कोणत्याही प्रजातीत बसत नाही असे त्यांच्या प्रत्ययास आले, आणि म्हणून १९५१ मध्ये त्यांनी त्याच्यासाठी एक स्वतंत्र प्रजाती स्थापन केली व तिला क्यू येथील आपले सहकारी, तृणशास्त्रज्ञ चार्ल्स एडवर्ड हबार्ड यांचे नाव दिले. नवी जात सापडणे ही तशी नित्याची घटना आहे. एका जातीसाठी आख्खी प्रजाती निर्माण करावी लागणे ही मात्र विरळा घटना होय, कारण त्याचा अर्थ असा की उत्क्रांतीच्या वृक्षावरील एक स्वतंत्र डहाळी केवळ या एका पानाच्या आधाराने तगून होती, आणि ते पान गळाले असते तर ती डहाळीच लुप्त झाली असती.

येथे तीन सालांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९१९ मध्ये गवत हाती आले. १९५१ मध्ये त्याला नाव मिळाले. आणि १९६४ मध्ये शरावतीवर, धबधब्याच्या वरच्या अंगाला, लिंगनमक्कीचे धरण पुरे झाले. त्यापूर्वीच, चाळीसच्या दशकात, जोगच्या पाण्यावर वीज निर्माण करण्यास प्रारंभ झाला होता. परंतु लिंगनमक्कीच्या प्रचंड जलाशयाने नदीचा ओघ जवळजवळ सर्वस्वी मनुष्याच्या आज्ञेत आणला. राजा, राणी, रोरर आणि रॉकेट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चार धारा पूर्वी ज्या जोमाने कोसळत असत, तो जोम आता धरणातून पाणी सोडले जाते तेव्हाच काय तो पाहावयास मिळतो. या विजेने कर्नाटकातील घरे उजळली, कारखाने चालविले, आणि त्या उपकाराला कोणी कमी लेखू नये. पण त्या पाण्याच्या तुषारांवर आणि कड्यातून अखंड झिरपणाऱ्या ओलाव्यावर ज्या सूक्ष्म जीवसृष्टीचे भरणपोषण होत होते, तिची गणती योजनेच्या कोणत्याही हिशोबात धरलेली नव्हती. आणि धरता येणेही कठीणच होते, कारण त्या गवताला स्वतःचे नाव मिळून तेव्हा पुरती पंधरा वर्षेही लोटली नव्हती. पुढील काळात मूळ ठिकाणी ते पुन्हा हाती लागेना, बदललेल्या आर्द्रतेमुळे ते तेथून नाहीसे झाले असावे असा अभ्यासकांचा समज झाला, आणि नामशेष वनस्पतींत त्याची गणना होऊ लागली.

हबार्डियाच्या राहणीचे स्वरूप ध्यानी घेतले म्हणजे हा समज का दृढ झाला हे कळते. हे बुटके, नाजूक अंगलटीचे गवत धबधब्यांच्या आसपास, सतत ओल्या राहणाऱ्या, पाणी झिरपणाऱ्या कातळावर वाढते. अशा कातळावर मातीचा थर नाममात्र असतो; म्हणून साधारण झाडाला जे पोषण व जो ओलावा मुळांच्या द्वारे जमिनीतून मिळतो, तो येथे प्रवाहाने आणि हवेतील तुषारांनीच पुरवावा लागतो. कातळाचा उतार, त्याच्यावर येणाऱ्या उन्हाचे प्रमाण, पाण्याचा वेग, हवेतील बाष्प, या साऱ्यांचा एक विशिष्ट मेळ जमला म्हणजेच हे गवत नांदते. त्यांतील एक गोष्ट बिघडली की बाकीच्या शाबूत असूनही त्याचा निभाव लागत नाही. शेतातील हराळी किंवा कुंदा कितीही उपटले तरी पुन्हा उगवतात, कारण मोडतोड झालेल्या जमिनीत तग धरण्याची विद्या त्यांना साधलेली आहे. हबार्डियाने मात्र एका अत्यंत अरुंद परिस्थितीत पारंगत होण्याचा मार्ग पत्करला, आणि त्या मार्गाचे मोल असे की ती परिस्थिती गेली म्हणजे जाण्यासाठी दुसरे ठिकाण उरत नाही.

पण ते सर्वस्वी गेले नव्हते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. श्रीरंग यादव यांच्या मार्गदर्शनाखाली पश्चिम घाटातील स्थानिक व दुर्मिळ वनस्पतींचा जो शोध अनेक वर्षे चालला, त्या शोधात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे गवत तिलारी घाटातील ओल्या कड्यांवर जिवंत असल्याचे आढळून आले. तिलारीचा घाट म्हणजे चंदगड तालुक्याच्या पठारावरून कोकणात उतरण्याची वाट. एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला सिंधुदुर्गातील दोडामार्ग, आणि जवळच गोवा व कर्नाटक यांच्या हद्दी. शरावतीच्या खोऱ्यापासून पुष्कळ उत्तरेस असलेल्या या मुलखात एकोणिसशे एकोणीसनंतर इतक्या दीर्घ अवधीने हे गवत नजरेस पडले, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. याच विद्यापीठातर्फे यादव आणि सरदेसाई यांनी सिद्ध केलेला कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जिल्ह्यातील ओढा, कडा, सडा, देवराई असे प्रत्येक स्थळ पावसात भिजत धुंडाळण्याची, आणि जे दिसेल त्याचा नमुना घेऊन, मोजून, नोंदवून ठेवण्याची परंपरा आधीपासून चालत आली होती, म्हणूनच जे दिसले ते ओळखता आले. गवत पाहणारे पुष्कळ असतात. कड्याला चिकटलेली हिरवी पात ही गिरसप्प्याची हरवलेली प्रजाती आहे, हे जाणणारा डोळा मात्र दीर्घ अभ्यासाने घडवावा लागतो.

त्यापुढील पाऊल शोधापेक्षाही महत्त्वाचे होते. एखादी जात एकाच कड्यावर उरली असेल, तर एखादी दरड, एखादा वणवा, रस्ता रुंद करण्यासाठी लावलेला एखादा सुरुंग तिचा शेवट करावयास पुरेसा होतो. म्हणून तिची अधिवासस्थाने वाढविणे हाच खरा उपाय ठरतो. विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या गवताची वाढ करून, त्याला मानवेल अशा ओल्या कातळांवर त्याचे पुनःस्थापन करण्याचा प्रयोग केला, आणि त्या कार्याचा वृत्तांत २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये याच अभ्यासकवर्गाने महाराष्ट्रातूनच या प्रजातीची दुसरी जात शास्त्रापुढे ठेवली. तिच्या पुष्पकात दोनच पुंकेसर असल्यामुळे तिला ‘हबार्डिया डायंड्रा’ असे नाव देण्यात आले. जी प्रजाती एका जातीच्या आधाराने कशीबशी उभी होती, तिला अशा रीतीने एक भावंड लाभले.

आता या गवताची आजची स्थिती काय, हे पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत हबार्डिया हेप्टान्यूरॉनची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात होते. निसर्गातील नामशेषतेच्या अलीकडची ही अखेरची पायरी होय. या वर्गात घालण्याचे निकष ठरलेले आहेत: उदाहरणार्थ, एखादी जात ज्या क्षेत्रात प्रत्यक्ष वसलेली आहे ते क्षेत्र दहा चौरस किलोमीटरांहून कमी असून तिच्या वस्त्या तुटक असतील व अधिवासाचा ऱ्हास चालू असेल, किंवा प्रौढ व्यक्तींची एकूण संख्या पन्नासांहूनही कमी असेल, तर ती जात या पायरीवर येते. येथे एक भेद स्पष्ट करणे जरूर आहे. लाल यादी हा शास्त्रज्ञांचा इशारा आहे. तो कायद्याचा हुकूम नव्हे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात वनस्पतींना स्थान मिळाले ते १९९१ च्या दुरुस्तीनंतर, आणि तेव्हाही तेथे अवघ्या सहा वनस्पतींची वर्णी लागली. त्यांत घटपर्णी, निळी वांडा यांसारखी ठळक नावे होती. कड्यावरच्या गवताला अशा यादीत जागा मिळणे अवघड असते, कारण त्याच्यासाठी रदबदली करणारे लोकच थोडे असतात. तिलारीच्या परिसरात मात्र एक आशादायक घटना घडली आहे. २०२० मध्ये दोडामार्गच्या बाजूचे सुमारे तीस चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले, आणि त्यानंतर चंदगडच्या रानालाही तशाच स्वरूपाचा दर्जा लाभला. हे निर्णय मुख्यतः वाघ, हत्ती यांच्या येण्याजाण्याच्या वाटा राखण्यासाठी झाले. परंतु वाघाच्या नावाने राखलेल्या रानात गवतालाही आसरा मिळतो, हा त्यांचा दुसरा लाभ आहे.

अशाच प्रकारची एक कथा दूरच्या अमेरिकेतही घडली आहे, आणि तिच्यातून मिळणारा बोध आपल्याला मोलाचा वाटतो. मेन प्रांतातील सेंट जॉन नदीच्या काठी १८८० साली केट फर्बिश या विदुषीला एक पिवळसर फुलांची वनस्पती आढळली. तिच्याच नावाने ती फर्बिशचे लूसवर्ट म्हणून ओळखली जाऊ लागली. कालांतराने ती नामशेष झाली असे मानले गेले. परंतु १९७६ मध्ये, त्याच नदीवर योजिलेल्या डिकी-लिंकन या प्रचंड धरणाच्या पाहणीचे काम चालू असता, मेन विद्यापीठाचे चार्ल्स रिचर्ड्स यांना ती पुन्हा सापडली. १९७८ मध्ये तिला तेथील संकटग्रस्त जातींच्या कायद्याचे संरक्षण मिळाले. धरण पुढे झाले नाही. त्याला इतर अनेक कारणे होती, खर्च होता, लोकविरोध होता, तरी त्या वादात या फुलाने नदीच्या बाजूने साक्ष दिली, हे निर्विवाद. २०२३ मध्ये तिचा दर्जा ‘संकटग्रस्त’ या वर्गातून ‘धोक्यातील’ या काहीशा सौम्य वर्गात उतरविण्यात आला.

या वनस्पतीच्या राहणीविषयी जे कळले ते विशेष मननीय आहे. हिवाळ्यात गोठलेली सेंट जॉन नदी वसंतात फुटते तेव्हा बर्फाचे मोठमोठे खंड काठ खरवडीत वाहत जातात. या खरवडण्याने काही रोपे नष्ट होतात, हे खरे. परंतु त्याच खरवडण्याने काठावर दाटलेली झुडपेही हटतात आणि उघड्या पडलेल्या ओल्या मातीत या वनस्पतीची नवी रोपे रुजतात. खरवडणे फार वेळा झाले तर तिचा नाश, आणि मुळीच झाले नाही तर झुडपांच्या सावलीत तिचा श्वास कोंडणार. म्हणजे या फुलाला हवी आहे ती नदीची हालचाल, ठरावीक अंतराने होणारी तिची उलथापालथ. हबार्डियाची गरज वेगळी, तिला कोसळत्या पाण्याचे तुषार व झिरपणारा कातळ हवा. पण तत्त्व एकच. नदीकाठची वनस्पती नदीच्या स्वभावावर जगते. त्या स्वभावात पूर आहे, ओहोटी आहे, गाळ आहे, आवेग आहे. आणि तो स्वभाव बदलून वनस्पती मात्र राखू म्हटले, तर ती उद्यानातील कुंडीत कदाचित राहील, नदीवर राहणार नाही.

हे लिहिताना धरणांविरुद्ध फिर्याद मांडण्याचा हेतू नाही. ज्या कोल्हापूरच्या राजाने भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, त्या शाहू छत्रपतींच्या दूरदृष्टीची फळे आपण सर्वजण आजही चाखत आहोत. आणि नदीत बरगे घालून पाणी अडविण्याची जी पद्धत कोल्हापूरच्या नावानेच सर्वत्र ओळखली जाते, तिने दुष्काळी प्रदेशांतील कितीतरी गावांना जीवन दिले. मागणे एवढेच आहे की पाण्याचा हिशोब मांडताना शेतीचा वाटा, पिण्याचा वाटा, विजेचा वाटा यांच्या जोडीने नदीचा स्वतःचा वाटाही खातेवहीत स्वतंत्र दाखल व्हावा. कोणत्या महिन्यात किती पाणी पात्रातून वाहते राहिले पाहिजे, याची तजवीज योजनेच्या आरंभीच व्हावी. आणि धरण, घाटरस्ता किंवा खाण यांचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी त्या ठिकाणची वनस्पतिसृष्टी पावसाळ्यासुद्धा सर्व ऋतूंत तपासली जावी, कारण पश्चिम घाटातील पुष्कळशा दुर्मिळ वनस्पती केवळ पावसाळ्यातच प्रकट होतात आणि उन्हाळ्यात केलेल्या पाहणीला उघड्या कातळाखेरीज काही दिसत नाही.

आणि ज्यांच्या गावापासून तिलारी दूर आहे, त्या गडमुडशिंगीसारख्या गावांनी काय करावे? २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करण्याची व लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. जमिनीच्या मालकीसाठी सातबारा जसा काळजीने राखला जातो, तशी ही नोंदवही राखली गेली, तर पंचगंगेच्या खोऱ्यातील ओढ्यानाल्यांच्या काठी आज काय उगवते याचा विश्वसनीय दाखला पुढील पिढीच्या हाती राहील. त्यात वाळुंज, शेरणी, करंज, उंबर या काठावरच्या जुन्या झाडांची नोंद व्हावी, लव्हाळ्याच्या जातींची व्हावी, जलपर्णीने कोणता डोह केव्हा झाकला याचीही व्हावी. आणि हे काम शाळेतील शिक्षक, महाविद्यालयातील विद्यार्थी व काठाची खडान्‌खडा माहिती असलेले वृद्ध शेतकरी यांनी मिळून करावे. जे नोंदलेच गेले नाही ते हरवले तरी कोणाला कळत नाही, आणि पुन्हा सापडले तरी ओळखता येत नाही. सेजविक व बेल यांनी १९१९ मध्ये एक नमुना जपून ठेवला नसता, तर तिलारीच्या कड्यावर उगवलेल्या गवताचे महत्त्व आज कोणासही उमगले नसते. ती नोंद करणारे अधिकारी परके होते व नोंद परदेशी भाषेत झाली. यापुढील नोंदी आपल्या माणसांनी, आपल्या नदीकाठी आणि आपल्या भाषेत कराव्यात, आणि त्यांचा आरंभ येत्या पावसाळ्यात व्हावा.